आयओक्यूएम-आरएमओची तयारी गटाने : रविवारचे तीन तास कसे वापरावेत?

वर्गपाटी
नमस्कार. तालुक्याच्या गावी पाच मुलांचा गट जमला आहे. तीन नववीतली, दोन अकरावीतली. त्यातली दोघं मराठी माध्यमाची. सप्टेंबरात आयओक्यूएमला (गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा) बसायचं आणि निवड झाली तर आरएमओची (पुढची, प्रादेशिक फेरी) तयारी पुढे चालू ठेवायची, असं ठरलं आहे. रविवारी सकाळी तीन तास जागा आणि फळा मिळतो.

अडचण अशी की फळ्यावर उदाहरण लिहिलं की अकरावीतला एक जण चार-पाच मिनिटांत युक्ती सांगतो. बाकीचे ती वहीत उतरवून घेतात. पुढच्या रविवारी तेच उदाहरण थोडं फिरवून दिलं, तर युक्ती सांगणाऱ्याशिवाय कुणालाच सुटत नाही. तीन तासांची वाटणी कशी करावी? नववी आणि अकरावीला एकच उदाहरणं द्यावीत का? सिद्धता नीट लिहिण्याचा सराव आत्ताच करावा की आयओक्यूएम झाल्यावर?

हातचा_एक
आधी दोन्ही परीक्षांचा साचा समोर ठेवा, वाटणी त्यावरून ठरते.

आयओक्यूएम : ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण. १० प्रश्न २ गुणांचे, १० प्रश्न ३ गुणांचे, १० प्रश्न ५ गुणांचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, ओएमआरवर गोळे रंगवायचे. चुकीला गुण कापत नाहीत.
आरएमओ : ३ तास, ६ प्रश्न, सर्वांना समान गुण, एकूण १०२. सगळं सविस्तर लिहायचं.

म्हणजे एकीकडे प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं आणि दुसरीकडे ३० मिनिटं. तुमच्या गटात आत्ता दोन्हींपैकी कशाचाच सराव होत नाहीये, कारण चौघांच्या वाट्याला प्रश्नासोबत एकट्याने बसण्याचा वेळच येत नाही.

तीन तासांची वाटणी अशी करून पाहा. पहिली ७५ मिनिटं पूर्ण शांतता, चार उदाहरणं, प्रत्येकाची स्वतःची वही. सुटलं तरी बोलायचं नाही; पूर्ण लिहून काढायचं आणि पुढच्याला लागायचं. मग १० मिनिटं सुटी. पुढची ४५ मिनिटं वह्यांची अदलाबदल आणि तपासणी. उरलेल्या वेळात फळा, तोही फक्त त्या उदाहरणांसाठी ज्यांत तपासणाऱ्याला शंका आली किंवा जी कुणालाच सुटली नाहीत.

तपासणीचा एकच कडक नियम : तपासताना लिहिणाऱ्याला विचारायचं नाही. आरएमओच्या परीक्षकासमोर तुमचा कागद एकटाच असतो. वहीतून कळलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह करायचं. तीन खुणा पुरतात : कारण न देता केलेल्या विधानाला ‘?’, सुटलेल्या शक्यतेला ‘श’, आणि शून्य असू शकणाऱ्या राशीने भागलं असेल तिथे ‘०’.

त्रिज्या
शांततेचं पटलं, पण ७५ मिनिटं नववीच्या मुलांना सुरुवातीला जड जातील. वीस मिनिटं काही सुचलं नाही की ती खिडकीबाहेर बघत बसतात. माझं मत : पहिले तीन-चार रविवार ४० मिनिटं आणि दोनच उदाहरणं ठेवा. अडलेल्याने काय करायचं तेही आधी सांगून ठेवा. न = १, २, ३, ४ घालून पाहा. आकृती दुसऱ्या मापाने पुन्हा काढा. काय दिलंय आणि काय हवंय हे स्वतःच्या शब्दांत लिहा. एवढं कागदावर आलं की अडलेपणही तपासता येतं.

आणि फळा इतका मागे ढकलू नका. एकाने मोठ्याने विचार करताना बाकीच्यांना त्याचे फसलेले रस्तेही दिसतात, ते वहीत उतरत नाहीत.

हातचा_एक
@त्रिज्या, ४० मिनिटांपासून सुरुवात मान्य. फळ्याबद्दल एक अट घालेन : फळ्यावर उदाहरण सोडवणाऱ्याने जायचं नाही, त्याची वही तपासणाऱ्याने जायचं. तो दुसऱ्याची उकल मांडतो, तेव्हाच ती त्याला किती कळली ते उघड होतं. वर्गपाटींच्या गटात तर हे फार उपयोगी पडेल, कारण युक्ती ज्याला लवकर सुचते त्याला तेवढा वेळ गप्प बसून ऐकावं लागेल.

शिल्लकबाकी
तपासणीत नेमकं काय सापडतं त्याचं एक उदाहरण देतो.

‘न² + १९न + ४८ ही पूर्ण वर्ग संख्या होईल असे सर्व धन पूर्णांक न शोधा.’

राशी म² मानून ४ ने गुणायचं : (२न + १९)² − (२म)² = ३६१ − १९२ = १६९. म्हणजे (२न + १९ − २म)(२न + १९ + २म) = १६९. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. पुढे लिहितात, ‘म्हणून १ आणि १६९, न = ३३, उत्तर ३३.’ उत्तर बरोबर आहे : १०८९ + ६२७ + ४८ = १७६४ = ४२². आयओक्यूएमला एवढं पुरेल. आरएमओच्या कागदावर मात्र तीन छिद्रं आहेत.

एक, म ऋण नाही असं मानतोय हे लिहिलेलं नाही. दोन, न आणि म मुळे दुसरा अवयव धन आहे आणि गुणाकारही धन, म्हणून पहिलाही धन, हे सांगितलेलं नाही. ते नसेल तर −१ आणि −१६९ का सोडले? तीन, १३ × १३ ही शक्यता राहिली. तिच्यातून ४न + ३८ = २६, न = −३ येतो, तो धन नाही म्हणून बाद. बाद करणं हीसुद्धा पायरी आहे आणि ती लिहावी लागते.

अशा उदाहरणात दोन अवयवांची बेरीज घ्यायची सवय लावा. म उडतो, ४न + ३८ = १७० राहतं आणि आकडेमोडीची चूक टळते.

लेखनाचा सराव आत्ताच सुरू करा. सप्टेंबरात आयओक्यूएम आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आरएमओ. मधल्या आठ-नऊ आठवड्यांत शाळेची सहामाही येते. त्या वेळात कुणी शून्यातून लिहायला शिकत नाही. चारातलं एक उदाहरण दर रविवारी पूर्ण सिद्धतेचं ठेवलं तरी चालेल.

कंपासपेटी
भूमितीबद्दल लिहिते, कारण गटात सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो आणि तो आकृतीपासूनच सुरू होतो.

आरएमओला पट्टी आणि कंपास चालतो, कोनमापक आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून सरावातही कोनमापक पेटीतून काढून ठेवा. आकृती अर्ध्या पानाची हवी. त्रिकोण हाताने ‘साधारण’ काढला की तो समद्विभुज दिसतो आणि मग मध्यगा, लंब, दुभाजक एकावर एक येतात. मुलं जे दिसतं ते खरं धरतात. बाजू ७, ८, ९ सेमी घेतल्या तर विषमभुज लघुकोन त्रिकोण मिळतो. ५, ७, १० सेमी घेतल्या तर विशालकोन. प्रत्येक प्रश्नाला या दोन आकृत्या काढायच्या, मगच लिहायला घ्यायचं.

दुसरी आकृती का? हे पाहा. त्रिकोण अबक, त्याचा लंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू) ल. ल चं बक या रेषेतलं प्रतिबिंब ल′ परिवर्तुळावर असतं, हे सिद्ध करायचं आहे. नेहमीची सिद्धता : ∠बलक = १८०° − ∠अ, प्रतिबिंबामुळे ∠बल′क तेवढाच, अ आणि ल′ हे बक च्या विरुद्ध बाजूंना, म्हणून अबल′क चक्रीय. लघुकोन त्रिकोणात बरोबर. ∠अ विशाल असेल तरी चालतं. पण ∠ब विशाल असला की लंबसंपात बक च्या पलीकडे जातो. तिथे ∠बलक हा ∠अ एवढाच असतो, १८०° − ∠अ नव्हे. ल′ उलटून अ च्याच बाजूला येतो आणि कारण बदलतं : एकाच बाजूचे समान कोन, म्हणून चार बिंदू एका वर्तुळावर. ∠क विशाल असेल तर हेच. ∠ब काटकोन असेल तर ल म्हणजेच ब, सिद्ध करायला काही उरत नाही. पण ती ओळ लिहा.

एवढ्या शक्यता नको असतील तर दिशायुक्त कोन (फिरण्याच्या दिशेसह मोजलेले कोन) शिकवा. पण नववीला लगेच नको. आधी दोन-तीन प्रश्नांत शक्यता हाताने वेगळ्या करू द्या, म्हणजे दिशायुक्त कोन कशासाठी आहेत ते कळेल.

तपासणाऱ्याने भूमितीत आणखी एक पाहायचं : प्रत्येक समान कोनापुढे कंसात कारण आहे का. ‘एकाच कंसातले’, ‘स्पर्शिका-जीवा’, ‘समांतर’. कारण नसेल तर ‘?’.

नववीची_आई
माहितीपूर्ण धागा. एक साधा प्रश्न : अकरावीची मुलं कलन (कॅल्क्युलस) वापरतात, नववीला ते माहीतच नाही. मग एकच उदाहरण दोघांना कसं देणार?

शिल्लकबाकी
ऑलिम्पियाडच्या अभ्यासक्रमात कलन नाही आणि संख्याशास्त्रही नाही. (नंबर थिअरी आहे. संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स. पालकांच्या बोलण्यात या दोन्हींची बरीच सरमिसळ होते.) म्हणून एकच उदाहरण देता येतं, आणि नववीच्या मुलांना फारसा तोटा नसतो.

उदाहरणार्थ, क्ष > ० साठी क्ष² + १६/क्ष ची किमान किंमत. अकरावीचा मुलगा अवकलन करेल आणि क्ष = २, किंमत १२ काढेल. तीच किमान का, हे अनेकदा लिहीत नाही. नववीची मुलगी एएम-जीएम (धन संख्यांचा अंकगणिती मध्य भूमितीय मध्यापेक्षा कमी नसतो) लावेल, पण पहिल्यांदा दोन पदांना लावून बसेल : २√(१६क्ष). उजवीकडे क्ष राहिला, म्हणजे काहीच हाती नाही. १६/क्ष चे दोन सारखे तुकडे करायचे : क्ष² + ८/क्ष + ८/क्ष, तिन्हींचा गुणाकार ६४, स्थिर. म्हणून बेरीज किमान ३ × ४ = १२, आणि क्ष² = ८/क्ष म्हणजे क्ष = २ ला ती मिळते.

ती शेवटची ओळ, ‘समानता कुठे मिळते’, हीच तपासायची. क्ष ≥ ३ दिलं असताना क्ष + १/क्ष ची किमान किंमत २ लिहिणारे पुष्कळ असतात. २ साठी क्ष = १ लागतो, तो हद्दीबाहेर. खरी किंमत क्ष = ३ ला, १०/३.

हातचा_एक
असमानतेवरून आठवलं. ‘व्यापकता न गमावता अ ≥ ब ≥ क मानू’ हे वाक्य अकरावीची मुलं सर्रास लिहितात. राशी सममित असेल, म्हणजे कोणत्याही दोन अक्षरांची अदलाबदल केली तरी तीच राहत असेल, तरच ते चालतं. अ²ब + ब²क + क²अ ही फक्त चक्राकार आहे. (१, २, ३) घातलं तर २ + १२ + ९ = २३, पहिल्या दोन जागा बदलून (२, १, ३) घातलं तर ४ + ३ + १८ = २५. म्हणून इथे ‘अ सर्वांत मोठा’ एवढंच मानता येतं. ब आणि क चे दोन्ही क्रम वेगळे पाहावे लागतात. तपासणाऱ्याने दोन अक्षरांची अदलाबदल करून पाहायची, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

त्रिज्या
मोजणीच्या उदाहरणांत मात्र वही वाचून चूक सापडत नाही, कारण चुकीची उकलही वाचायला गुळगुळीत असते. तिथे उत्तर दुसऱ्या रस्त्याने काढायचं, हाच तपास.

तीन अंकी किती संख्यांच्या अंकांची बेरीज १२ आहे? पहिला अंक निदान १, तो १ बाजूला काढला की तीन जागांत ११ वाटायचे : ११ वस्तू आणि मधल्या २ भिंती मिळून १३ जागा, त्यांतून भिंतींसाठी २ निवडायच्या, ७८. इथे थांबणारे खूप. पण अंक ९ च्या पुढे जात नाही. पहिल्या जागेत १ काढल्यावर ९ किंवा जास्त उरलेत अशा वाटण्या ६, दुसऱ्या जागेत १० किंवा जास्त अशा ३, तिसऱ्यातही ३. ७८ − १२ = ६६.

पडताळा : पहिल्या अंकाऐवजी (१० − अंक) आणि बाकी दोघांऐवजी (९ − अंक) लिहिलं की बेरीज १२ ची संख्या बेरीज १६ ची होते. म्हणून दोघांनी १२ साठी आणि दोघांनी १६ साठी स्वतंत्र मोजायचं. उत्तरं जुळली नाहीत तर कुणाचं तरी वजा करणं राहिलंय. बेरीज ९ असती तर मर्यादा आडवी आलीच नसती, थेट ४५. म्हणून फक्त सोपी उदाहरणं केलेल्यांना ही चूक कधी दिसतच नाही.

आणि लहान आकड्यांवरून सूत्र ठोकू नका, हे एकदा दाखवाच. वर्तुळावर १, २, ३, ४, ५ बिंदू घेऊन सगळ्या जीवा काढल्या तर जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ नाही, ३१. मुलांना हाताने मोजू द्या.

नववीची_आई
मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शब्दांचं काय करावं?

कंपासपेटी
यादी लांबलचक नको, पंधरा-वीस शब्द पुरतात, पण नेमके. ‘पॉझिटिव्ह’मध्ये शून्य नाही, ‘नॉन-निगेटिव्ह’मध्ये आहे. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे एकमेकांपासून वेगळे. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘ॲट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे, आणि भूमितीत तो चुकला तर बिंदू भलत्याच बाजूवर जातो.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द ‘डिव्हाइड्स’. आपण ‘अ भागिले ब’ म्हणतो तेव्हा ब हा भाजक असतो. ‘अ डिव्हाइड्स ब’मध्ये उलटं : ब ला अ ने निःशेष भाग जातो. मुलं शब्दांच्या क्रमाने जातात आणि पहिल्याच ओळीत प्रश्न फिरतो. या वाक्याची वीस छोटी उदाहरणं तोंडी घ्या : ३ डिव्हाइड्स १२, खरं, १२ डिव्हाइड्स ३, खोटं. ५ डिव्हाइड्स ०, खरं. शेवटच्यावर थोडी चर्चा होईल, होऊ द्या.

शिल्लकबाकी
आयओक्यूएमच्या ओएमआरसाठीही वेगळा सराव हवा. उत्तर ७ असेल तर ०७ रंगवायचं. ७ च्या २०२४ व्या घाताचे शेवटचे दोन अंक विचारले, तर ७ चा चौथा घात २४०१, २०२४ ला ४ ने भाग जातो, उत्तर ०१. दहाव्या मिनिटाला हे कुणी चुकत नाही, १७० व्या मिनिटाला चुकतात. महिन्यातून एका रविवारी पूर्ण ३ तासांची जुनी प्रश्नपत्रिका घ्या. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. ५० गुण पहिल्या वीस प्रश्नांत आहेत. त्यांना ८० ते ९० मिनिटं, उरलेल्या दहांना साधारण ८० आणि शेवटची १० मिनिटं फक्त गोळ्यांसाठी. गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी ठेवायची नाही. उत्तर १३७ आलं तर ते चुकलंच आहे किंवा प्रश्नातली शेवटची ओळ वाचायची राहिली आहे.

त्रिज्या
पुढचा शून्य गळण्यावरून : पहिल्या रविवारी कापरेकरांचं उदाहरण घ्या. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांचा चार अंकी संख्यांचा ६१७४ मुलांनी ऐकलेला असतो, म्हणून तीन अंकी द्या. सगळे अंक सारखे नसलेली तीन अंकी संख्या; अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, हेच पुन्हा पुन्हा. शेवटी ४९५ येतो, हे सिद्ध करा.

मुलं आठ-दहा संख्या तपासून थांबतात. त्यांना एवढंच विचारा : पहिली वजाबाकी सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान अंक, याच्या ९९ पट असते ना? मग पहिल्या पायरीनंतर नऊच संख्या शक्य आहेत : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आणि ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५ या साखळीत उरलेल्या तीनही येऊन मिळतात. म्हणजे फार तर सहा पायऱ्या. ०९९ ला ९९ लिहिलं तर ९९ − ९९ = ० येतं आणि विधानच खोटं ठरतं. उदाहरणं पाहणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, हे नववीला एका उदाहरणात दिसतं.

वर्गपाटी
सर्वांचे मनापासून आभार. या रविवारसाठी ठरवलंय ते असं : ४० मिनिटं शांतता, मग अदलाबदल, मग तपासणाऱ्याने फळ्यावर. दोन उदाहरणं सगळ्यांना, दोन फक्त अकरावीच्या दोघांना.
१. तीन अंकी कापरेकर (पूर्ण सिद्धता).
२. तीन अंकी संख्या, अंकांची बेरीज १२. अर्ध्या गटाला १६.
३. ल′ परिवर्तुळावर, विशालकोनासह (अकरावी).
४. न² + १९न + ४८ पूर्ण वर्ग असेल असे सर्व पूर्णांक न शोधा (अकरावी).

शिल्लकबाकी
चौथ्यात ‘धन’ हा शब्द राहिलाय. ‘सर्व पूर्णांक’ म्हटलं की ऋण अवयवही घ्यावे लागतात आणि उत्तरं चार होतात : ३३, −३, −१६, −५२. −३ आणि −१६ ला राशी ० होते, तोही पूर्ण वर्गच. अकरावीच्या दोघांसाठी मी ते तसंच ठेवेन. फक्त तपासणाऱ्याला आधी सांगू नका.